कानाच्या पडद्यामागचे पाणी

कान-नाक-घसा तज्ज्ञाच्या ट्रेमधले ग्रोमेट साबुदाण्याच्या दाण्याहून मोठे नसते. प्लास्टिकची इवलीशी चकती, मधोमध आरपार भोक, कडेला खाच. मुलाला भूल द्यायची, सूक्ष्मदर्शकातून पाहत कानाच्या पडद्याला बारीक चीर द्यायची, मागे साचलेले पाणी ओढून घ्यायचे आणि चिरेत ग्रोमेट बसवायचे. एका कानाला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. पुढे सहा महिने ते वर्षभरात पडदा आपणच ते बाहेर ढकलतो आणि भोक बहुधा आपोआप बुजते. नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत ही शस्त्रक्रिया आज नेहमीची आहे.

मात्र पडद्याला भोक पाडून बहिरेपण घालवण्याचा पहिला गाजलेला प्रयोग १८०१ सालचा, आणि हे प्लास्टिकचे उत्तर सापडले १९५४ साली. मधल्या दीडशे वर्षांत वैद्यकाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा शिकावी लागली. भोक पाडणे सोपे होते. ते उघडे ठेवणे अवघड होते. आणि कोणाच्या पडद्याला भोक पाडू नये, हे ठरवायला तर त्यानंतरही आणखी चाळीस-पन्नास वर्षे लागली.

पडद्याच्या मागे हवेने भरलेली छोटी पोकळी असते. तिच्यातली तीन चिमुकली हाडे पडद्याचे कंप आतल्या कानापर्यंत पोहोचवतात. या पोकळीपासून नाकाच्या मागच्या भागापर्यंत एक नळी जाते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा ती क्षणभर उघडते आणि पोकळीत ताजी हवा शिरते. लहान मुलांत ही नळी आखूड आणि बरीच आडवी असते; शिवाय तिच्या तोंडाशी ॲडेनॉइडची गाठ असते. सर्दीने नळी बंद पडली की पोकळीतली हवा हळूहळू शोषली जाते, पडदा आत ओढला जातो आणि अस्तरातून द्रव पाझरू लागतो. आधी पातळ असलेला हा द्रव काही मुलांत डिंकासारखा चिकट होतो. ताप नाही, ठणका नाही, कान वाहतही नाही. फक्त ऐकणे सरासरी २५ ते ३० डेसिबलने कमी होते. समोरून मोठ्याने बोललेले कळते. पाठीमागून किंवा वर्गाच्या दुसऱ्या टोकाकडून आलेला आवाज निसटतो. मोठी माणसे ‘दडे बसलेत’ म्हणून सांगू शकतात, तिसरीतले मूल सांगत नाही. ते ‘काय?’ विचारते, टीव्हीचा आवाज वाढवते आणि बोलणी खाते.

नळीचा शोध

कफाने ऐकू येईनासे होते, हे निरीक्षण आपल्याकडे जुने आहे. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग दिले आहेत. त्यांतल्या बाधिर्याचे कारण सांगताना वायू कफासह शब्द वाहून नेणाऱ्या मार्गात ठाण मांडतो, असे म्हटले आहे. कानाच्या पोकळीला नाकाशी जोडणाऱ्या नळीचे स्पष्ट वर्णन मात्र सोळाव्या शतकात रोममधल्या बार्तोलोमेओ युस्टाकी या शरीररचनातज्ज्ञाने केले. इकडे महाराणी ताराबाई औरंगजेबाशी झुंजत होत्या, त्या १७०४ साली इटलीतल्या आंतोनियो व्हाल्साल्व्हाने कानावरचा ग्रंथ छापला आणि नळीला युस्टाकीचे नाव दिले. नाक दाबून, तोंड मिटून जोर लावला की कानात हवा शिरते, ही युक्तीही त्याने नोंदवली. विमान उतरताना दडे बसले की आजही लोक हेच करतात.

उपचाराचे पहिले पाऊल मात्र डॉक्टराने उचललेच नाही. एद्मे-जिल गुयो हा व्हर्सायचा पोस्टमास्तर. स्वतः कानाने अधू. त्याने वाकडी नळी तयार केली आणि तोंडातून मागे सरकवून तिने आपल्याच कानाच्या नळीचे तोंड धुऊन पाहिले. १७२४ साली त्याने हे पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. १७४१ मध्ये आर्चिबाल्ड क्लेलंड या इंग्रज लष्करी शल्यवैद्याने तोंडाऐवजी नाकातून जाण्याचा सोयीचा रस्ता दाखवला. लंडनच्या जोनाथन वॅथनने १७५५च्या सुमारास एका बहिऱ्या माणसाचे शवविच्छेदन केले, तेव्हा दोन्ही नळ्या गोठलेल्या शेंबडाने गच्च भरलेल्या आढळल्या. काही बहिरेपण मज्जातंतूचे नसून तुंबलेल्या वाटेचे असते, याचा हा डोळ्यांनी पाहिलेला पुरावा होता.

नाकाकडून नळीत शिरणे रुग्णाला त्रासाचे आणि वैद्याला बेभरवशाचे होते. मग उलट बाजूने, पडद्यातूनच का जाऊ नये?

लंडनचे भोक

पडदा फाटला की माणूस बहिरा होतो, असा समज शतकानुशतके होता. सतराव्या शतकात टॉमस विलिसने कुत्र्याचा पडदा फोडून पाहिला. कुत्र्याला ऐकू येत राहिले. पुढे विल्यम चेसेल्डन या लंडनच्या शल्यवैद्याने फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यावर, त्याला जीवदान देण्याच्या बोलीवर, हाच प्रयोग करायचे ठरवले. त्यावर एवढा ओरडा झाला की बेत सोडावा लागला.

हे कोडे ॲस्टली कूपरने सोडवले. १८०० साली त्याने रॉयल सोसायटीपुढे अशा एका तरुणाची हकिकत मांडली, ज्याचे पडदे जुन्या रोगाने नष्ट झाले होते आणि तरीही त्याला बऱ्यापैकी ऐकू येत होते. पडदा शाबूत नसतानाही ऐकू येते, तर नळी बंद पडलेल्या माणसाच्या पडद्याला भोक पाडून पोकळीत हवा का सोडू नये? १८०१ साली त्याने असे केलेले रुग्ण जाहीर केले. अणकुचीदार सुईसारख्या हत्याराने त्याने पडदा टोचला आणि काहींना तत्क्षणी ऐकू येऊ लागले. याच कामासाठी रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिले. नागपुरात तेव्हा दुसरे रघूजी भोसले गादीवर होते.

बातमी युरोपभर पसरली आणि बहिऱ्यांची रीघ लागली. इथेच घात झाला. कूपरने नळी बंद असलेल्यांसाठी सुचवलेला उपाय सरसकट सगळ्या बहिऱ्यांवर वापरला जाऊ लागला. ज्यांचा दोष आतल्या कानात किंवा मज्जातंतूत होता, त्यांना काहीच गुण आला नाही; उलट अनेकांच्या कानात पू झाला. ज्यांना गुण आला, त्यांचे भोक काही दिवसांत बुजले आणि बहिरेपण परतले. थोड्याच वर्षांत कूपरने ही शस्त्रक्रिया सोडून दिली. उपाय खोटा नव्हता. रुग्ण निवडण्याचे साधन नव्हते, आणि निसर्गाला जखम भरण्यापासून थांबवण्याचे साधनही नव्हते.

व्हिएन्नाचा रबरी फुगा

पुढच्या अर्धशतकात आधी निदान सुधारले. भोक असलेल्या आरशाने उजेड कानात टाकून पडदा नीट पाहता येऊ लागला. लंडनच्या जोसेफ टॉयन्बीने मृतांचे दोन हजारांच्या आसपास कान चिरून रोगाच्या खुणा नोंदवल्या. कानातल्या आवाजावर उपाय शोधण्यासाठी १८६६ साली स्वतःवर क्लोरोफॉर्म आणि विषारी वायूचा प्रयोग करताना तो मरण पावला. १८६४ मध्ये जर्मनीच्या एमिल सिगलने काच आणि रबरी फुगा जोडलेली कानाची नळी बनवली. फुगा दाबला की निरोगी पडदा हलतो. मागे पाणी असेल तर तो हलत नाही किंवा जेमतेम हलतो. सिगलच्या नावाचे हे उपकरण आजही आपल्याकडच्या वैद्यकीय विद्यार्थ्याला परीक्षेत ओळखावे लागते.

व्हिएन्नाच्या ॲडम पोलिट्झरने १८६३ साली उपचार सोपा केला. रुग्णाने तोंडात पाण्याचा घोट धरायचा, डॉक्टरने एका नाकपुडीत रबरी फुग्याचे टोक घालून नाक मिटायचे आणि रुग्ण गिळतो त्याच क्षणी फुगा दाबायचा. गिळताना उघडलेल्या नळीतून हवा कानात शिरते. नाकातून धातूची नळी घालण्याच्या यातनेपुढे हे कितीतरी सुसह्य होते. नळी बंद, हवा शोषली, दाब उतरला, द्रव पाझरला ही कारणमीमांसाही मुख्यतः त्याच्याच काळात घट्ट झाली. १८७३ मध्ये योसेफ ग्रुबर आणि पोलिट्झर यांच्या हाताखाली व्हिएन्नात जगातले पहिले विद्यापीठीय कर्णरोग रुग्णालय सुरू झाले.

बुजणाऱ्या भोकावरही पोलिट्झरने उपाय काढला: कडक रबराची, मध्ये भोक असलेली छोटी कडी चिरेत बसवायची. रचनेने हेच आजचे ग्रोमेट. त्याआधी १८४५ मध्ये मार्टेल फ्रांक याने सोन्याची नळी वापरून पाहिली होती. पण कड्या निसटून बाहेर पडत, नाही तर आत पोकळीत जात, भोके चोंदत, कान वाहू लागत. जंतुनाशनाची शिस्त अजून रुजायची होती आणि एवढ्या बारीक कामासाठी डोळ्याला सूक्ष्मदर्शकाची साथ नव्हती. कल्पना बरोबर असूनही ती अडगळीत पडली.

त्याच सुमारास, १८६८ साली, कोपनहेगनच्या विल्हेल्म मायरने नाकाच्या मागे वाढणाऱ्या ॲडेनॉइडचे वर्णन केले. नाकात बोलणाऱ्या, तोंडाने श्वास घेणाऱ्या, कमी ऐकणाऱ्या मुलांत ही वाढ काढली की ऐकणे सुधारते, हे त्याने दाखवले. कानाच्या रोगाचे मूळ नाकामागे असू शकते, हा धडा तेव्हापासून कायम राहिला.

युद्धानंतरची तीन साधने

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कानाच्या डॉक्टरांना पाण्याकडे पाहायला सवडच नव्हती. लहान मुलांच्या कानातला पू मागच्या हाडात आणि तिथून मेंदूत शिरत असे. हाड पोखरून पू काढणे हेच मुख्य काम होते. १९३० च्या दशकात सल्फा औषधे आली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पेनिसिलिन सर्वांना मिळू लागले. जीव घेणारे संसर्ग आटोक्यात आले, तेव्हा त्यांच्या आड दडलेला शांत आजार नजरेत भरला. पू नाही, ताप नाही, पण पडद्यामागे चिकट द्रव असलेली मुले इंग्लंड-अमेरिकेच्या दवाखान्यांत मोठ्या संख्येने दिसू लागली.

पोलिट्झरला जे मिळाले नव्हते ते आता हाताशी होते. संसर्ग रोखायला प्रतिजैविके होती. १९५३ मध्ये झाइस कंपनीचा शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक बाजारात आला. आणि शरीराला न खुपणारी, हवी तशी घडवता येणारी प्लास्टिके तयार झाली होती. १९५४ साली अमेरिकेतल्या शार्लट शहरातील बेव्हर्ली आर्मस्ट्राँग यांनी पडद्याच्या चिरेत व्हिनाइलची नळी ठेवून पाहिली. ती टिकली, कान कोरडा राहिला, ऐकणे परतले. पुढे शेपर्ड आणि लंडनचे शाह यांच्या नावांची ग्रोमेटे, तसेच जास्त काळ राहणारी गूड यांची टी-नळी रूढ झाली. नागपूरच्या शस्त्रक्रियागृहातही ग्रोमेट मागताना हीच नावे घेतली जातात.

निदानाचा दुवाही याच काळात जुळला. डेन्मार्कच्या ओटो मेट्झ यांनी १९४६ मध्ये पडदा आवाजाला किती अडवतो हे मोजण्याची रीत मांडली. तिच्यातून टिंपॅनोमेट्री उभी राहिली आणि १९७० मध्ये जेम्स जर्गर यांनी तिच्या आलेखांचे ए, बी, सी असे प्रकार पाडले. शिखर नसलेला सपाट ‘बी’ आलेख म्हणजे पडद्यामागे बहुधा पाणी. न दुखणारी, न बोचणारी, मिनिटाभराची ही तपासणी. कूपरला नेमके हेच हवे होते.

नागपूर: वाहणारा कान आणि न वाहणारा

ही साधने आपल्या वस्त्यांपर्यंत कशी आली, ते नागपुरात पाहू. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी उत्तर नागपुरात जरीपटका वसवला. १९४७ सालीच नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे नागपूरकरांचे ‘मेडिकल’, सुरू झाले. जरीपटक्याला जवळचे होते ते ‘मेयो’. ब्रिटिश काळातल्या या रुग्णालयाला १९६८ मध्ये स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय जोडले गेले. कानाचा आजार शिकवणारे विभाग अशा रीतीने वस्तीच्या आवाक्यात आले.

तरीही आपल्याकडे लक्ष गेले ते फुटलेल्या, वाहणाऱ्या कानाकडे. त्याला कारणही होते. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकाळ वाहणाऱ्या कानाचा जगभरचा आढावा घेतला, तेव्हा चार टक्क्यांहून अधिक प्रमाण असलेल्या सर्वांत वरच्या गटात भारत होता. ओपीडीत पू दिसतो, वास येतो, आई घाबरून मुलाला घेऊन येते. न वाहणारा कान रांगेत उभाच राहत नाही. शिवाय घरोघरी कानाचा उपाय म्हणजे लसूण घालून कोमट केलेले तेल. पडदा शाबूत असताना तेलाचा किंवा औषधाचा थेंब त्याच्या मागे पोहोचूच शकत नाही, त्यामुळे या आजारात त्याचा उपयोग शून्य. आणि पडद्याला भोक असेल तर तेल अपायकारक.

साधने शहरात येत गेली, पण ती रुग्णाने यावे म्हणून वाट पाहणारी होती. मुलापर्यंत जाण्याचे काम पुष्कळ उशिरा सुरू झाले. १९६६ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात श्रवण आणि वाचा उपचाराचे शिक्षण सुरू झाले. १९८३ मध्ये वांद्र्यात अली यावर जंग यांच्या नावाची कर्णबधिरांसाठीची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. जानेवारी २००७ मध्ये केंद्राचा बहिरेपण प्रतिबंध कार्यक्रम २५ जिल्ह्यांत प्रायोगिक पातळीवर आला. आणि ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. त्यात तपासायच्या तीस व्याधींमध्ये मध्यकर्णाचा दाह आणि ऐकण्यातला दोष यांचा समावेश आहे. पथकांनी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा जायचे असते. विनाअनुदानित खासगी शाळेतले मूल या जाळ्याबाहेर राहते.

भोक न पाडण्याचे शास्त्र

पाश्चात्त्य देशांत तोवर गाडी दुसऱ्या टोकाला गेली होती. १९७० आणि ८० च्या दशकांत ग्रोमेट ही भूल देऊन केल्या जाणाऱ्या मुलांच्या शस्त्रक्रियांत अग्रभागी आली. २००६ च्या सुमारास अमेरिकेत वर्षाला पंधरा वर्षांखालील ६ लाख ६७ हजार मुलांच्या कानांत ती बसवली जात होती. कूपरच्या काळातला प्रश्न नव्या रूपात आला: हे सगळे गरजू होते का?

ब्रिटनमध्ये १९९२ च्या एका सरकारी पुरस्कृत आढाव्याने हा प्रश्न जाहीरपणे विचारला आणि तिथल्या शस्त्रक्रिया कमी होऊ लागल्या. मुलांचा पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांतून दिसले की बहुतेकांचे पाणी तीन महिन्यांत आपोआप ओसरते. ग्रोमेटने ऐकणे लगेच सुधारते हे खरे. पण अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा फायदा मुख्यतः पहिल्या सहा-नऊ महिन्यांपुरता ठरला. वर्ष-दीड वर्षाने ग्रोमेट घातलेली आणि न घातलेली मुले सारखीच ऐकत होती. ब्रिटनच्या ‘टार्गेट’ चाचणीत साडेतीन ते सात वर्षांची ३७६ मुले होती. ग्रोमेटसोबत ॲडेनॉइडही काढले तर गुण जास्त काळ टिकतो आणि पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ कमी येते, असे तीत दिसले. अँटिहिस्टामिन आणि नाक मोकळे करणारी औषधे या पाण्यावर चालत नाहीत, हेही स्पष्ट झाले. प्रतिजैविकांचा थोडका फायदा त्यांच्या तोट्यांपुढे फिका ठरला.

पोलिट्झरचा फुगा मात्र परतला. मुलाने एका नाकपुडीने फुगा फुगवायचा, ही सोपी रीत ब्रिटनमध्ये ३२० मुलांवर तपासली गेली. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: फुगा वापरणाऱ्यांपैकी सुमारे ४७ टक्क्यांचे कान महिनाभरात पूर्ववत झाले, न वापरणाऱ्यांत ते प्रमाण ३६ टक्क्यांच्या आसपास होते. फरक मोठा नाही, पण सुईही नाही आणि भूलही नाही.

या सगळ्याचे फलित म्हणजे आजचा क्रम. पाणी आढळले की ऐकण्याची चाचणी करायची आणि तीन महिने थांबायचे. तरीही दोन्ही कानांत पाणी असेल आणि ऐकणे कमीच असेल, तर ग्रोमेटचा विचार. मूल मोठे असेल किंवा ॲडेनॉइड वाढलेले असेल, तर ॲडेनॉइडही काढायचे. टाळू दुभंगलेले किंवा डाउन सिंड्रोम असलेले मूल, आधीच बोलण्यात मागे असलेले मूल, आत ओढून चिकटू लागलेला पडदा यांना हा थांबा लागू नाही. तिथे तज्ज्ञ लवकर पाऊल उचलतो. मोठ्या माणसाच्या एकाच कानात सर्दीशिवाय पाणी साचले, तर नाकामागची जागा दुर्बिणीने तपासलीच पाहिजे, कारण तिथली गाठही नळी बंद करते.

इतिहासाचा निवाडा दोन्ही बाजूंना लागू पडतो. घाईने पाडलेल्या भोकांनी कूपरचा चांगला उपाय पन्नास वर्षे बदनाम केला, आणि न दिसणाऱ्या पाण्याकडे दुर्लक्ष केल्याने मुलांची शाळेतली वर्षे वाया गेली. आपल्याकडे आज दुसरा धोका जास्त आहे. म्हणून जरीपटक्यातल्या आणि कुठल्याही वस्तीतल्या पालकांना, शिक्षकांना एकच सांगणे: मूल हाकेला ओ देत नसेल, अभ्यासात अचानक मागे पडत असेल, तोंड उघडे ठेवून झोपत असेल, तर त्याला रागावण्याआधी त्याची ऐकण्याची चाचणी करून घ्या. कानात तेल घालू नका. आणि डॉक्टरांनी तीन महिने थांबायला सांगितले, तर तीन महिन्यांनी न विसरता पुन्हा जा.